योग एक, वाटा अनेक

• राजयोग : पतंजलींची आठ अंगे, यमापासून समाधीपर्यंत. आसन त्यातले फक्त तिसरे.

• हठयोग : आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया. हेतू : शरीर ध्यानासाठी तयार करणे. ‘योगा क्लास’मध्ये शिकवतात तो बहुधा हाच.

• कर्म, भक्ती, ज्ञान : गीतेतले मार्ग. सतरंजी लागत नाही.

• कुंडलिनी : ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात सविस्तर वर्णन.

• अय्यंगार पद्धत : शरीराच्या अचूक ठेवणीवर भर, पट्टे, विटा, खुर्च्यांचा आधार. अय्यंगारांची पुण्यातील संस्था १९७५ची.

• योगोपचार : लोणावळ्याच्या कैवल्यधामात (१९२४) स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या.

• विदर्भातही जुने केंद्र आहे : नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ. स्थापना १९५१. वर्ग विनामूल्य.