चढणीचा मासा गाभोळीसह मारू नका



मृगाचा पाऊस जोरात कोसळला, ओढ्यानाल्यांना गढूळ लोंढा आला की खेड्यापाड्यांत एकच हाक उठते, "चढण लागली!" मग लहानथोर जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन पाण्याकडे धावतात. ठाणे-रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. हा मासा खायला चवदार लागतो, कारण त्याचे पोट गाभोळीने भरलेले असते. पण तो नेमका त्याच दिवशी पाण्याच्या उलट का धावतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो आज करू या.

दूर देशीचा नातलग

अलास्का, कॅनडा आणि रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर गुलाबी सामन नावाचा मासा आहे. मांस गुलाबी असते म्हणून हे नाव. त्याचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात होतो. शरद ऋतूत मादी शेपटीने नदीतळाच्या गोट्यांत खड्डा करते, त्यात साधारण दीड-दोन हजार अंडी घालते आणि वर गोटे लोटते. कडक हिवाळ्यात पिल्ले त्या गोट्यांखालीच राहतात. वसंतात ती बाहेर येतात आणि बोटाच्या पेराएवढी असतानाच थेट समुद्राकडे निघतात. समुद्रात सुमारे दीड वर्ष खाऊन-पिऊन मोठी झाली की माघारी फिरतात. बहुतेक मासे आपल्या जन्मनदीलाच येतात. नदीच्या पाण्याचा वास त्यांना वाट दाखवतो.

परतीच्या वाटेवर नराच्या पाठीवर मोठे कुबड येते. रशियन लोक म्हणूनच त्याला 'कुबड्या' अशा अर्थाचे नाव देतात. नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो. अंडी घालून झाली की नर-मादी दोघेही मरतात. सारे आयुष्य अवघे दोन वर्षांचे! त्यामुळे सम वर्षी जन्मलेल्यांची आणि विषम वर्षी जन्मलेल्यांची कधी गाठच पडत नाही. एकाच नदीत जणू दोन वेगळी घराणी नांदतात. मेलेल्या माशांचे खत नदीला आणि काठच्या रानाला मिळते.

आपल्या माशाचे कसे?

आता तुम्ही म्हणाल, आपला ओढा कुठे आणि अलास्का कुठे! पण ओढ तीच आहे. आपला मासा समुद्रातून येत नाही. तो नदीच्या डोहातून, धरणातून किंवा तलावातून वर चढतो. उन्हाळ्यात त्याच्या पोटात अंडी तयार होत असतात. पहिला मोठा लोंढा आला, पाणी गार आणि गढूळ झाले की त्याला इशारा मिळतो. मग तो उथळ जागी, नव्याने भिजलेल्या गवतात, कधी भातखाचरांतही जातो. तिथे पिल्लांना सूक्ष्म खाद्य भरपूर मिळते आणि खाणारे मोठे मासे कमी असतात.

रोहू, कटला, मृगळ या माशांची अंडी उबदार पाण्यात साधारण १४ ते २० तासांत फुटतात. एक किलो वजनाची रोहू मादी दोन लाखांवर अंडी देऊ शकते. इतकी अंडी का? तर त्यांतली फारच थोडी मोठी होतात म्हणून. सामनपेक्षा आपला मासा एका बाबतीत भाग्यवान आहे. अंडी घालून तो मरत नाही. सुखरूप परतला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीण देतो. त्याला मारतो तो माणूस.

शेततळ्याचा धडा

नाशिक जिल्ह्यात शेततळी पुष्कळ झाली आहेत. काही जण विचारतात, "तळ्यात रोहू-कटला मोठे झाले, पण पिल्ले का दिसत नाहीत?" कारण हेच. साचलेल्या पाण्यात या माशांना लोंढ्याचा इशारा मिळत नाही. हे कोडे डॉ. हिरालाल चौधरी यांनी सोडवले. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात त्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून वीण घडवून आणली. आज आपण केंद्रातून मत्स्यजिरे किंवा बोटुकली आणतो, त्यामागे हा शोध आहे. १० जुलै हा म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. पण ओढ्यातल्या मळ्याला, खवलीला कोणी अर्क टोचत नाही. त्यांची वीण पावसावर आणि आपल्या शहाणपणावर आहे.

गावाने काय करावे?

समुद्रात महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात उतरतात. आपण श्रावण पाळतो, पण चढण ज्येष्ठ-आषाढातच होऊन जाते. म्हणून एवढे करा :

१. चढणीचे पहिले आठ-दहा दिवस गावाने जाळे टाकू नये. मग खुशाल मासे धरा.

२. ओढा आडवा बांधून सापळे लावू नका. माशाला जायला वाट ठेवा.

३. फवारणीचा पंप, औषधाचे डबे ओढ्यात धुऊ नका. अंडी आणि पिल्ले फार नाजूक असतात.

४. डोहात विष किंवा सुरुंग कधीही नको. १८९७ च्या कायद्यानेच तो गुन्हा ठरवला आहे. त्यात मोठ्याबरोबर पिल्लेही मरतात आणि तेच पाणी गुरे पितात.

५. पाणी ओसरताना खाचराचे तोंड थोडे उघडे ठेवा, म्हणजे पिल्ले नदीत परततील.

हे जमण्यासारखे आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे महसीर मासे देवीचे मानतात. त्यांना कोणी मारत नाही, म्हणून ते आजही डोहात दिसतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या तलावावर १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले तयार करून जलाशयांत सोडली गेली. पण वीण जगवायला केंद्रच लागते असे नाही, गावाचा निश्चय पुरतो. इथे इंदिरानगरजवळून जाणारी आमची नासर्डी शहराची घाण वाहते. अशा पाण्यात चढण कुठली? तुमचा ओढा अजून वाहता आणि स्वच्छ असेल, तर तुम्ही नशीबवान आहात.

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याची कणगी शेवटपर्यंत फोडत नाही. चढणीची मादी ही ओढ्याची बियाण्याची कणगी आहे. यंदा चढण लागेल तेव्हा मुलांना काठावर न्या, पाण्याविरुद्ध उसळणारा मासा दाखवा आणि त्याला वर जाऊ द्या. भादव्यात तोच ओढा तुमची टोपली भरेल.