चोवीस व्होल्टची गाडी, बारा व्होल्टचे गाणे

रायपूरच्या सदर बाजारात ट्रक शिरत नाही. शिरलाच तर वळणार नाही. दोन्ही हातांना सराफांच्या पेढ्या, मधून दुचाक्यांची न संपणारी रांग आणि गुंजभर सोन्यासाठी तराजूच्या काट्याकडे डोळे लावून बसलेले ग्राहक, असे या बाजाराचे स्वरूप आहे. तरीही या परिसरातील बँक अधिकाऱ्याच्या टेबलावर ट्रक रोज येतो, कागदांच्या रूपाने. भिलाईचे पोलाद, सिलतऱ्याचे लोखंड, बलौदाबाजारकडील सिमेंट आणि धमतरीचा तांदूळ वाहणारी गाडी टाटीबंधला किंवा भनपुरीला उभी असते. मालक स्कूटरवरून येतो आणि नोंदणी पुस्तिका, परवाना, विमापत्र आमच्यासमोर ठेवतो. चाके, धुरा, चासिस या सर्वांची त्यात नोंद असते. चालकाच्या डोक्यावरच्या फळीत बसवलेल्या ‘टेप’चा मात्र त्यात सहसा उल्लेखही नसतो.

‘टेप’ हा शब्द आता केवळ सवयीने उरला आहे. कॅसेट गेली, मागोमाग सीडीही गेली. आज त्या खाचेत पेनड्राईव्ह असतो किंवा चालकाच्या मोबाईलमधून बिनतारी गाणे येते. मोटारीत संगीत बसविण्याचा उद्योग मात्र जुना आहे. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन कंपनीने मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची. त्याच वर्षी आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले. विविध भारती त्याआधी, १९५७ पासूनच, देशाला गाणी ऐकवत होती. कॅसेटच्या डेकमुळे झाले ते एवढेच की केंद्राची हद्द संपली, मध्ये डोंगर आला तरी गाणे तुटेनासे झाले. बस्तरकडे जाताना केशकालचा घाट रात्री चढणाऱ्या चालकाला याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच हा विषय चैनीचा मानू नये. मुंबईपर्यंत हजार किलोमीटरहून अधिक रस्ता आहे. पूर्वी क्रमांक ६ असलेला आणि आता ५३ म्हणून ओळखला जाणारा महामार्ग साकोली, भंडारा करीत नागपूरला पोहोचतो, तेव्हा कुठे एक टप्पा संपतो. चालकाचे कार्यालय, बैठकीची खोली आणि पुष्कळदा शयनगृहही तीच केबिन असते. कारखान्यातून आलेला संच कामापुरता असतो: लहान स्पीकर, बेताचा आवाज. तो बदलावा असे चालकाला वाटणे स्वाभाविक आहे आणि मालकाने त्यासाठी चार पैसे द्यावेत हेही योग्यच. प्रश्न एवढाच की ते चार पैसे प्रथम कशावर खर्च करावेत.

आपल्याकडील रीत अशी की दुकानात सर्वांत चकचकीत दिसणारा संच आधी घ्यायचा, उरलेल्या पैशांत मोठे स्पीकर बसवायचे आणि वायरिंग वायरमनवर सोपवायचे. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे, आणि त्याची किंमत संगीतात नव्हे तर बॅटरीत मोजावी लागते.

कारण असे. ‘छोटा हाथी’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस किंवा तत्सम छोट्या गाड्या बारा व्होल्टवर चालतात. मोटारीचा कोणताही संच त्यांना चालतो. जड ट्रकची विद्युतव्यवस्था मात्र चोवीस व्होल्टची असते. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ती साधलेली असते आणि इंजिन सुरू असताना दाब अठ्ठावीस व्होल्टच्या घरात जातो. बाजारातील बहुतेक संच बारा व्होल्टचे असल्याने असा संच त्या तारांना थेट जोडला तर क्षणात जळतो. यावर महामार्गावरचा प्रचलित उपाय म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून एक तार काढायची आणि एकाच बॅटरीवर संच चालवायचा. गाणे लागते, पैसे वाचतात, सर्वजण खूश.

बिघाड पुढे कळतो. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकच प्रवाह देतो; कोणत्या बॅटरीतून किती वीज गेली याचा हिशेब तो ठेवत नाही, केवळ दोघींचा एकत्रित दाब पाहतो. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या वाटणीचे रोज कोणी उचलून न्यावे आणि आईने मात्र एकूण भाकरी मोजून समाधान मानावे, तशातला हा प्रकार. संच चालविणारी बॅटरी कायम अर्धपोटी राहते; तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरू लागतो. दुसरीला वाजवीपेक्षा अधिक दाब मिळून तिचे पाणी उडत राहते. एक उपासाने जाते, दुसरी अजीर्णाने. जड ट्रकची बॅटऱ्यांची जोडी आज वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक किमतीला पडते. ज्या उपकरणाने हे टळते, त्या चोवीसचे बारा व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरची किंमत हजार-दीड हजार. कर्जाच्या हप्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब दोनदा करावा असाच आहे. कारण बॅटरीअभावी गाडी वाटेत अडली तरी हप्त्याची तारीख अडत नाही.

कन्व्हर्टर घेताना डब्यावरचा मोठा आकडा न पाहता अखंड चालण्याची क्षमता पाहावी. दहा अँपिअर अखंड देणारा कन्व्हर्टर साध्या संचाला आणि चार स्पीकरना पुरतो. तो लोखंडी पत्र्यावर, हवा लागेल अशा जागी घट्ट बसवावा. आसनाखाली चिंध्या आणि तेलाच्या डब्यांत नव्हे. चावी बंद केल्यावर त्याचाही पुरवठा बंद व्हावा, अन्यथा गाडी चार दिवस उभी राहिली तरी तो थोडी थोडी वीज खातच राहतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेला वीतभर अंतरातच फ्यूज हवा. फ्यूज संचाच्या पाठीमागे असतोच, मग आणखी कशाला, असे अनेकजण विचारतात. तो संचाचे रक्षण करतो, तारेचे नाही. मधली तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर संचाच्या फ्यूजला त्याची वार्ताही लागत नाही, आणि केबिनमधील आगी अशाच लागतात.

दुसरा खर्च कोणी करीतच नाही, आणि तो सर्वांत स्वस्त आहे: केबिन शांत करणे. धावत्या ट्रकच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागतो, आवाज वाढला की लहान स्पीकर फाटक्या स्वरात वाजतो, आणि मग स्पीकर वाईट असल्याचा निष्कर्ष निघतो. दाराची झिजलेली रबरी पट्टी बदलली, हलणारे पत्रे आवळले, दाराच्या आतल्या पत्र्याला डांबरी चादर चिकटवली, पायाखाली जाड चटई घातली, तर तोच स्पीकर ऐकू येऊ लागतो. इंजिनच्या झाकणालगत मात्र केवळ न पेटणारे, त्याच कामासाठी बनविलेले आवरण वापरावे. गादीचा फोम तिथे कदापि नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. काचा बंद राहिल्याने त्या गाड्यांत हे काम अर्धे आपोआप होते.

आता स्पीकर. डब्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले असेल तर तो आकडा नाही, जाहिरात आहे. पाहायचे ते ‘आरएमएस’. ‘४ × ५० वॅट’ म्हणून विकला जाणारा संचही प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरला पंधरा-अठरा वॅटच स्वच्छपणे देऊ शकतो. त्यामुळे शंभर वॅट पचविणाऱ्या स्पीकरपेक्षा थोड्या विजेवर अधिक वाजणारा स्पीकर निवडावा. ही संवेदनशीलता डेसिबलमध्ये छापलेली असते. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेणे म्हणजे संचाची शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे, तेही निराळा अँप्लिफायर न घेता. स्पीकर नुसता फळीच्या भोकात बसवला तर त्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात आणि ढोलक डब्यासारखी वाजते. मागे बंद पेटी हवी. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तरी हेच होते. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा: अधिक टोक अधिकाला जोडले असता कागदी शंकू बाहेर यावयास हवा.

सात हजारांचे अंदाजपत्रक धरले तर मी ते असे मांडीन: कन्व्हर्टरला बाराशे, तारा-फ्यूज-टोकांना पाचशे, रबर आणि चादरीला आठशे, मजुरीला हजार, स्पीकरना दोन हजार आणि उरलेले दीड हजार संचाला. दर गावोगाव बदलतील, क्रम बदलू नये. संचात रेडिओ, यूएसबी आणि मोबाईलवरील बोलणे हात न लावता ऐकविणारा ब्लूटूथ एवढे असले की पुरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चालविताना फोन हातात धरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. त्यामुळे हे एक कलम मी चैनीत धरत नाही. पडद्यावर चित्रपट दाखविणारा संच मात्र चालकासमोर असूच नये.

आवाज किती ठेवावा, यालाही मोजमाप आहे. अमेरिकेतील नायॉश ही संस्था दिवसात आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा करते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. मोठ्या गाण्याने झोप उडते हा समजही तपासला गेला आहे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या रेनर आणि हॉर्न यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रेडिओ आणि थंड वाऱ्याचा उपयोग अल्प आणि तात्पुरता आढळला. आपल्या मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ सालीच पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. तिची जागा कोणताही स्पीकर घेत नाही.

राहता राहिला विमा, आणि इथे आमच्या टेबलावरचा अनुभव उपयोगी पडतो. कारखान्याच्या किमतीत नसलेली विद्युत उपकरणे विमापत्रात आपोआप येत नाहीत. त्यांची किंमत वेगळी नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. शिवाय मालवाहू गाडीच्या प्रमाणित विमापत्रात एक वाक्य असते, जे सहसा कोणी वाचत नाही: संपूर्ण गाडी चोरीस गेली असेल तरच तिच्यासोबत गेलेल्या जोडउपकरणांच्या चोरीची भरपाई मिळते. ढाब्यावर गाडी उभी असताना कोणी केवळ संच उचकटून नेला तर दावा टिकत नाही. ट्रकमध्ये तीस हजारांचा संच बसविण्यापूर्वी मालकाने हे वाक्य काढून वाचावे.

काम झाले म्हणजे वायरमनचे पैसे लगेच चुकते करू नयेत. इंजिन सुरू करावे, दिवे, वायपर आणि पंखा लावावा, संचाचा आवाज अगदी कमी ठेवावा आणि कान द्यावा. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी बारीक शीळ ऐकू आली तर अर्थची तार रंगावर किंवा गंजावर जोडली आहे असे समजून तो जोड खरवडून पुन्हा बसवून घ्यावा. शीळ गेल्यावर पैसे द्यावेत, पक्के बिल घ्यावे आणि त्यावर गाडीचा क्रमांक लिहून घेण्यास विसरू नये. उपकरणाची नोंद विमापत्रात करताना तोच कागद मागितला जातो.