काजळ धरणारा व्हॉल्व

कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांच्या धंद्यावर काही लिहावं म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी जुन्या वह्या काढल्या. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा मशीनशॉपच्या जॉबवर्कच्या त्या वह्या. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल एवढाच आमचा पसारा. आता तो भाचा सांभाळतो. हवं होतं इंजिनांविषयीचं काही, आणि सापडली एक भलतीच नोंद. पानापानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘ईजीआर प्लेट, २ मिमी, एस. एस., १ नग.’ काही ठिकाणी पुढे ‘८ मिमी भोकासह’. पेन्सिल घेऊन मोजत बसलो. एकेचाळीस भरल्या.

ही प्लेट काय असते, ती मी का कापत होतो आणि आता का कापत नाही, हे सांगायचं तर आधी त्या व्हॉल्वविषयी सांगावं लागेल. साहित्याच्या वाचकाला हा विषय रूक्ष वाटेल. पण दिवाळीच्या दिवसांत त्याची सुरुवात पणतीपासून करता येते.

आजी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, दोन बाजूंना दोन विटा, त्यांवर पालथं तांब्याचं ताट. रात्रभरात ताटाच्या पोटाला मऊ काळी साय धरायची. सकाळी ती खरवडायची, तुपात खलायची की काजळ तयार. लहानपणी मला प्रश्न पडायचा की काजळी ताटालाच का चिकटते, धुराबरोबर बाजूने निघून का जात नाही? उत्तर मिळालं ते चाळिशीत, एका जुन्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात. गरम वायूत तरंगणाऱ्या बारीक कणाला गरम बाजूचे रेणू जोरात धडकतात, थंड बाजूचे हळू. म्हणून कण थंड पृष्ठभागाकडे ढकलला जातो. ताट गार असतं म्हणूनच काजळ धरतं. आणि कोरडी काजळी फुंकरीनं उडते, पण तूप मिसळलं की बोटाला चिकटून बसते.

डिझेल गाडीच्या ईजीआर व्हॉल्वमध्ये हेच घडतं, तूप सोडून. तुपाच्या जागी इंजिनाच्या तेलाची वाफ असते.

ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडलेल्या जळक्या वायूचा काही भाग परत आत घेणं. ऐकायला हा उफराटा कारभार वाटतो. उच्छ्वास पुन्हा श्वासात कोण घेतं? त्याचं कारण नायट्रोजनमध्ये आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू. एरवी हे दोघे शेजारी असून एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण ज्योतीचं तापमान साधारण पंधराशे अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यांचं जुळतं, आणि पुढे तापमान चढेल तसा नायट्रोजन ऑक्साइड तयार होण्याचा वेग भराभर वाढतो. डिझेल इंजिन हवा सोळा-सतरा पट दाबून, तापवून, त्यात इंधन फवारतं, त्यामुळे ज्योत कडक असते. त्यातून हवेला अडवणारं थ्रॉटल नसल्यानं प्राणवायूही गरजेपेक्षा जास्त. नायट्रोजन ऑक्साइडला याहून चांगलं घर मिळणार नाही. अशा वेळी येणाऱ्या हवेत जळका वायू मिसळला, तर प्राणवायूचं प्रमाण घटतं, आणि त्या वायूतली वाफ व कार्बन डायऑक्साइड उष्णता पिऊन घेतात. ज्योत निवते. हलक्या भारावर, म्हणजे गाडी रेंगाळत चालते तेव्हा, आत जाणाऱ्या वायूचा निम्म्याच्या आसपासचा भागही असा परतीचा असू शकतो. किती घ्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो आणि मोटरीवर चालणारा हा व्हॉल्व तेवढाच उघडतो.

याची मुळं अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहेत. १९५०च्या आसपास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं, की डोळे चुरचुरवणारं ते धुरकं गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून तयार होतं. हा माणूस त्याआधी अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. स्वादाचे अंश हवेतून पकडायचं तंत्र त्यानं शहराच्या हवेला लावलं. आपापल्या विषयाची कुंपणं घट्ट धरून बसलेल्या आमच्याकडच्या विद्वानांना मी ही हकिकत आवर्जून सांगतो. ते ऐकून घेतात. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन गाड्यांत ईजीआर आला; आपल्याकडे तो डिझेल गाड्यांबरोबर घरोघर पोचला.

पण ज्योत निवली की काजळी वाढते. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला जावं तर धूर वाढतो, धूर कमी करायला जावं तर तो वायू वाढतो. डिझेल इंजिन बनवणाऱ्यांच्या मानेवरचं हे जुनं जू आहे. काजळीचा हा धूर परतीच्या नळीतून येतो, तुलनेनं थंड असलेल्या व्हॉल्वपाशी पोचतो आणि आजीच्या ताटासारखा तिथे धरतो. त्यातच इंजिनाच्या क्रँककेसमधली तेलकट वाफ इनटेकमध्ये सोडलेली असते. दोन्ही मिळून डांबरासारखं कीट होतं. गाडी लांबच्या पल्ल्यावर पळत असेल तर ते हळू साचतं. घर ते शिरोली, सांगली फाट्यावरच्या गर्दीतून पाच-सात किलोमीटर, इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी बंद, अशा माझ्यासारख्याच्या गाडीत भराभर साचतं. व्हॉल्व उघडा अडकला तर गाडी काळा धूर मारते, पिकअप घेत नाही, उभी असताना थरथरते. बंद अडकला तर चालवणाऱ्याला फारसं काही कळत नाही. नाकाला न कळणारा वायू तेवढा वाढतो. कधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

आणि मग प्लेट. व्हॉल्वच्या गास्केटच्या मापाची, पण मधलं भोक नसलेली. ती नळीच्या तोंडावर बसवली की परतीचा रस्ता कायमचा बंद. काही गाड्यांचा कॉम्प्युटर हवेच्या मापावरून ही चोरी ओळखतो आणि दिवा लावतो. त्याची समजूत घालायला प्लेटला लहान भोक पाडतात, म्हणजे ‘८ मिमी भोकासह’.

माझ्याकडे येणारे मेस्त्री म्हणायचे, “अण्णा, व्हॉल काढून धुत बसण्यापरीस प्लेट मारलेली बरी. काय कार्बन न्हाई, काय धूर न्हाई. परत नाव न्हाई.” आणि ते खरं होतं. प्लेट मारलेली गाडी खरोखरच कमी धूर सोडते, चटकन उचलते. मला त्यात चांगलं काम केल्याचंच समाधान वाटायचं. धूर डोळ्यांना दिसतो, तो कमी झालेला दिसतो. वाढलेलं दिसत नाही.

आपल्या पीयूसीलाही दिसत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत नळीत प्रोब घालून, ॲक्सिलरेटर दाबून, धूर प्रकाश किती अडवतो एवढंच मोजतात. बीएस-चार गाडीला मर्यादा १.६२, बीएस-सहाला ०.७. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. गाडीचं मॉडेल मंजूर होताना तो मोजलेला असतो. डिझेल कारला बीएस-तीनमध्ये किलोमीटरला ०.५० ग्रॅम, बीएस-चारमध्ये ०.२५, बीएस-सहामध्ये ०.०८. एवढी मेहनत करून उतरवलेला आकडा दोन मिलिमीटरच्या पत्र्यानं पुन्हा चढतो, आणि पीयूसीच्या कागदावर गाडी उलट पहिल्यापेक्षा चांगली ठरते. हे कळलं त्या दिवशी वहीतल्या एकेचाळीस नोंदींकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. हा वायू श्वासनलिकांचा दाह करतो, दमेकऱ्याला जास्त छळतो, उन्हात ओझोन तयार करतो. आमच्या घरात दम्याचा पंप वापरणारं माणूस आहे. त्याचा आणि माझ्या प्लेटांचा थेट संबंध मी जोडणार नाही. तसा तो जोडता येत नाही. पण प्लेटा मी कापल्या आणि हवा तीच आहे.

माझ्यापेक्षा मोठ्या कारागिरांनीही हेच केलं, एवढाच दिलासा, आणि तोही खोटा. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. गाडी प्रयोगशाळेत आहे की रस्त्यावर, हे सॉफ्टवेअर ओळखत होतं. रस्त्यावर असली की ईजीआर कमी करत होतं. मी जे पत्र्यानं करत होतो ते त्यांनी आज्ञावलीनं केलं. रस्त्यावर मोजणी करून हा फरक प्रथम दाखवला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लहान चमूनं. त्यात हेमंत कप्पण्णा हे बंगळुरूचे संशोधक होते. आपल्याकडे त्या कंपनीनं डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

आता व्हॉल्व साफ करण्याविषयी. घरी करण्यासारखं हे काम आहे, फक्त सबुरी हवी. सगळ्या गाड्यांत मात्र नाही. व्हॉल्व वरच, हात पोचेल असा असेल आणि त्याला कूलंटच्या नळ्या जोडलेल्या नसतील तर करावं. नाहीतर मेस्त्रीकडे जावं आणि ‘प्लेट नको, साफ करून द्या’ असं स्पष्ट सांगावं.

इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे, कारण आपली स्मरणशक्ती दुपारनंतर दगा देते. विजेचा प्लग क्लिप दाबून सोडवायचा, तार ओढून नव्हे. मग बोल्ट. वर्षानुवर्षं तापून ते धरलेले असतात. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबावं, जोर करून डोकं तोडू नये. व्हॉल्व निघाला की इंजिनावरच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकं कोंबावं आणि परत बसवताना ते काढायचं आहे असं एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगला चिकटवावं. हसू नका. इनटेकमध्ये गेलेलं फडकं इंजिनाला महागात पडतं.

हातमोजे आणि मास्क घालावा. डिझेलचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ साली कर्करोगकारक ठरवला आहे, आणि हे कीट त्याचाच साका आहे. काम उघड्यावर करावं. क्लीनरच्या वाफा पेट घेतात.

आधी कोरडं खरवडायचं. त्यासाठी बांबूची कामटी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. स्क्रू ड्रायव्हर नको, कारण व्हॉल्वची बैठक ओरखडली की तो कधीच घट्ट मिटत नाही. माझ्या व्हॉल्वमधून वाटीभर कीट निघालं. मग कार्ब क्लीनरचा फवारा, पितळी ब्रश, पुन्हा फवारा. मोटरीची बाजू कायम वर धरायची, द्रव तिकडे उतरता कामा नये. दांडा हातानं रेटून फिरवायचा मोह आवरावा. आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात.

आणि कॉस्टिक सोडा अजिबात नको. हे मी स्वतः शिकलो. लोखंडी भाग धुवायला आमच्या शॉपमध्ये कॉस्टिकची टाकी असते. आधीच्या गाडीच्या व्हॉल्वची मोटर सुटी करून बॉडी मी बेधडक त्यात सोडली. जन्म ओतकामाच्या गावात गेला, पण ती ॲल्युमिनियमची आहे हे त्या दिवशी डोक्यात आलं नाही. फसफसून हायड्रोजन निघू लागला. बाहेर काढली तेव्हा बैठक खाऊन गेलेली होती. नवा व्हॉल्व घ्यावा लागला, आणि भाचा वर्षभर तो किस्सा सांगत होता.

चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारून ‘न काढता’ साफ करायची पद्धतही मला पटत नाही. डिझेल इंजिन आत जाईल ते जाळतं. फवारा जास्त झाला तर ते चावी बंद करूनही न थांबता वेगानं पळू शकतं.

बसवताना गास्केट नवं हवं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. स्कॅनरवाल्याकडून जुना दोष पुसून घ्यावा आणि व्हॉल्वला त्याची बंद-उघडी जागा नव्यानं शिकवून घ्यावी. हे राहिलं तर दिवा परत लागतो आणि माणूस वैतागून प्लेटेकडे वळतो. मीही तसे वळलेले पाहिले आहेत. व्हॉल्वच्या पुढचा इनटेक मॅनिफोल्डही भरलेला असेल तर तो मात्र घरचा उद्योग नव्हे.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ गास्केट हातात घेऊन शॉपवर आले. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “प्लेट नाही करत आम्ही. व्हॉल्व घेऊन या, बसून साफ करू, पैसे नकोत.” ते म्हणाले, “तेवढा वेळ कुठाय, अण्णा?” आणि पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे लेझरवर अर्ध्या मिनिटात प्लेट निघते.

मी माझा व्हॉल्व बसवला त्या रविवारी हायवेनं किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, चौथ्या गिअरमध्ये, इंजिन चांगलं तापवून. दिवा लागला नाही. वहीत पुन्हा नोंद केली : ‘ईजीआर साफ, स्वतःची गाडी, गास्केट नवे.’ पुढची तारीख अजून टाकलेली नाही. पावसाळ्यानंतर उघडून कीट किती साचलंय ते बघेन, मग ठरवीन.