देवकुंडची वाट : ओढ्याला विचारूनच पाऊल टाका

माणगाव तालुक्यात पाटणूसजवळच्या भिऱ्याला पोहोचलं की गाडीचा रस्ता संपतो. पुढं देवकुंड धबधब्यापर्यंत पायीच जायचं. चालीच्या माणसाला दोन तास पुरतात, शहरी पाहुण्याला तीन लागतात.

जुन्या माणसांना भिरा ठाऊक आहे तो विजेमुळं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली आणून इथं १९२७ पासून वीज तयार होते. पुढं हेच पाणी कुंडलिकेतून कोलाडकडं जातं. हल्ली मात्र भिऱ्याचा पत्ता विचारणारे बहुतेक देवकुंडाचे असतात.

सुरुवातीला वाट धरणाच्या पाण्याकडेनं सपाट जाते. मग रान लागतं, दगडधोंडे लागतात आणि ओढे ओलांडावे लागतात. शेवटी तिन्ही बाजूंनी उभा कातळ, वरून कोसळणारी धार आणि खाली हिरवट पाण्याचा कुंड. पाहून शीण जातो खरा, पण घात होतो तो इथंच. पाऊस पडतो वर ताम्हिणीच्या माथ्यावर आणि खाली कुंडाशी कधीकधी ऊनसुद्धा असतं. पाहुणा पाण्यात रमलेला असतो, तेवढ्यात मागचा ओढा फुगतो. जाताना गुडघाभर असलेलं पाणी परतताना छातीला लागतं. परतीची वाट तीच, दुसरी नाही.

धोका एकट्या देवकुंडाचा नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. असं काही घडलं की प्रशासन बंदी घालतं. पूर्वी ती १४४ कलमाखाली असे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लागू आहे.

भर पावसात बंदी हवीच, त्यात वाद नाही. पण वाट दाखवणारी पोरं, जेवण करून घालणाऱ्या बाया, गाड्या लावायला जागा देणारा शेतकरी यांचा चार पैशांचा हंगामही त्याच दिवसांत येतो. बंदी नुसती कागदावर राहिली तर पाहुणा आडवाटेनं शिरतो. मग जीवही जातो आणि गावाचं नावही.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीसपाटील यांनी वनखात्याला बरोबर घेऊन ग्रामसभेत काही गोष्टी ठरवाव्यात. पाऊस ओसरल्यावरच वाट उघडावी. गावच्या वाटाड्याशिवाय कुणाला सोडू नये. जाताना नाव लिहून घ्यावं, येताना खूण करावी, म्हणजे कोण मागं राहिलं ते दिवस असतानाच कळेल. दुपारनंतर वर सोडणं बंद करावं. ओढ्याशी दोर आणि दोन पोहणारे गडी ठेवावेत. त्याचा खर्च प्रवेश शुल्कातून निघेल. साताऱ्याजवळ कास पठारावर फुलांच्या हंगामात स्थानिक समिती शुल्क घेऊन माणसं मोजूनच सोडते. मग भिऱ्याला ते का जमू नये?

ओढा कधी चढतो आणि कधी उतरतो, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाहुण्यानं ते ऐकावं, आणि गावानंही दोन पैशांसाठी ते सांगायचं टाळू नये.