धुळीपासून धरणीपर्यंत

घर आठ-पंधरा दिवस बंद राहिले, की खाटेखाली धुळीचे मऊ पुंजके जमलेले आढळतात. आपण ते निःशंकपणे केरात टाकतो. परंतु ज्या पृथ्वीवर आपले घर उभे आहे, तिचा आरंभही अशाच पुंजक्यांतून झाला, असे ज्योतिर्विज्ञान सांगते.

तारा जन्मतो तो वायू आणि धूळ यांच्या विराट मेघातून. मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचित होतो, तसतसे त्याचे परिभ्रमण वेग घेते आणि उरलेले द्रव्य नवजात ताऱ्याभोवती चपट्या तबकडीसारखे पसरते. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७५५ साली आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १७९६ साली अशा प्रकारची कल्पना मांडली होती. २०१४ साली चिली देशातील ‘अल्मा’ या रेडिओ-दुर्बिणींच्या समूहाने वृषभ राशीतील एच. एल. टॉरी या बालताऱ्याचे चित्र टिपले, तेव्हा तिला रेखीव रूप लाभले. हा तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या तबकडीत तेजस्वी वलये आणि त्यांमध्ये काळोख्या फटी दिसल्या. घडत असलेले ग्रहच या फटी कोरीत असावेत, असे अनेकांचे मत पडले. पुढे २०१८ साली पी. डी. एस. ७० या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत एक बालग्रह प्रत्यक्षच आढळला.

मग अडचण कोठे आहे? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण एकमेकांस सहज चिकटतात व त्यांचे खडे बनतात. परंतु खडे मोठे झाले, की आदळून उसळतात किंवा फुटतात. शिवाय तबकडीतील वायू स्वतःच्या दाबामुळे किंचित मंद फिरतो. त्यामुळे घन पदार्थाला सतत समोरचा वारा लागतो, त्याची गती खुंटते आणि तो ताऱ्याकडे घसरू लागतो. सूर्यापासून पृथ्वीएवढ्या अंतरावरील मीटरभर लांबीचा धोंडा शे-दोनशे वर्षांतच सूर्यात जाऊन पडावा, असे गणित सांगते. मग पृथ्वी घडावी कशी?

यूडिन आणि गुडमन या शास्त्रज्ञांनी २००५ साली एक मार्ग दाखविला. समोरून वारा असता एकटा वाटसरू मागे रेंगाळतो. दिंडी मात्र वारा अंगावर वाटून घेत पुढे सरते. तद्वत खड्यांचा जमाव भोवतालच्या वायूलाही आपल्याबरोबर ओढतो, त्याचे घसरणे मंदावते, आणि मागून येणारे खडे त्याला येऊन मिळतात. जमाव पुरेसा दाट झाला, की स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळून त्याचा किलोमीटरगणिक आकाराचा पिंड बनतो. १ जानेवारी २०१९ रोजी ‘न्यू होरायझन्स’ या यानाने नेपच्यूनपलीकडील ॲरोकॉथ या पिंडाचे जवळून दर्शन घेतले. त्याचे दोन गोळे न चेंगरता, हळुवारपणे जुळलेले दिसले. वरील उपपत्तीशी हे सुसंगतच आहे.

असे पिंड एकमेकांत मिसळून पुढे ग्रह होतात. त्यांना फार अवकाशही नसतो. बहुतेक तबकड्यांतील वायू एक कोटी वर्षांच्या आतच ओसरतो, आणि गुरूसारख्या ग्रहाला आपले वायुमय शरीर तत्पूर्वीच जमवावे लागते.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. येथे तर साचण्यापूर्वीच वाहून जाण्याचे भय होते. एकेकटा कण त्यातून तरला नसता, जमाव तरला. आपल्या पायाखालची भूमी ही त्याचीच साक्ष होय.