उन्हानें पुसलेला लेख

गेल्या उन्हाळ्यांत सफाळ्याचा आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत त्याचा लहानसा कारखाना आहे. तेथील ३५ वर्षांचें जुनें यंत्र एकाएकीं बंद पडलें होतें आणि आठ कामगार बसून होते. "गुरुजी, उन्हानें घात केला," असें म्हणून त्यानें खिशांतून गोमेसारखे पाय असलेली एक वडी काढली. तिच्या पाठीवर इवलीशी पारदर्शक खिडकी होती.

यंत्रानें कसें चालावें ह्याच्या आज्ञा ह्या वडीच्या पोटांत असतात. डोव्ह फ्रोमन ह्या संशोधकानें १९७१ सालीं इंटेल कंपनींत अशी पहिली 'ईप्रॉम' चिप सिद्ध केली. विजेच्या जोरानें ऋणविद्युत्कण आंतील सूक्ष्म कोठड्यांत ढकलावयाचे. भोंवतीं विद्युत्‌रोधक भिंत असल्यामुळें ते वर्षानुवर्षें तेथेंच कोंडून राहतात. कोणती कोठडी भरलेली व कोणती रिकामी, हीच तिची लिपि. २७१६ क्रमांकाच्या चिपेंत अशा १६,३८४ कोठड्या असतात. जंबुपार, म्हणजे हल्लीं ज्यांस अतिनील म्हणतात ते किरण आंत शिरले, कीं कणांस भिंत ओलांडण्याइतकें बळ येतें आणि लेख पुसला जातो. खिडकी स्फटिकाची असते ती ह्यासाठींच. साधी कांच हे किरण अडविते. मौज अशी, कीं पुसल्यावर ह्या पाटीवर शून्य उरत नाहीं. प्रत्येक अंक एक होतो! शून्यवाद्यांनीं ह्याचा अवश्य विचार करावा.

खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवावयाची असते. ती केव्हां गळून पडली कोणास ठाऊक. यंत्राचें झांकण उघडें, वर छपराला फट. भर उन्हांत असा लेख सुमारें आठवड्यांत पुसतो. येथें ऊन रोज घटकाभरच येई, पण महिनोन् महिने.

सुदैवानें जुन्या सामानांत त्याच लेखाची दुसरी चिप, काळ्या पट्टीसह, सांपडली. आम्हीही कुतूहलानें गाडीनें बोईसरास गेलों. अर्धवट पुसलेली चिप प्रथम पूर्ण पुसावी लागते. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखालीं, १ इंचावर, बंद पेटींत ती २० मिनिटें ठेविली; हा प्रकाश डोळ्यांस घातक असतो. मग विजेनें दुसरीवरील लेख तिच्यांत उतरविला. पुसलें प्रकाशानें, लिहिलें विजेनें. आतांच्या चिपा विजेनेंच पुसतात, म्हणून त्यांस खिडकी नसते.

दुपारीं यंत्र सुरू झालें. लेखाची प्रत संगणकांतही ठेविली. निघतांना त्यानें ती जुनी चिप आमच्या हातीं दिली. "गुरुजी, ही तुमच्याकडे अंधारांत असूं द्या." जुन्या पंचांगांच्या फडताळांत ती आहे.