हिशेब शिकवावा कसा?



गावातल्या बचत गटाचा हिशेब बहुधा एकाच माणसाच्या हातात असतो. तो माणूस प्रामाणिक असेलही; पण बाकीच्यांनी नुसती मान डोलवायची, ही स्थिती काही बरी नव्हे. म्हणून जाणत्याने इतरांना हिशेब शिकवावा. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे सहज जमण्यासारखे आहे. मात्र सुरुवात संगणकापासून करू नये. शिकणाऱ्याला ठाऊक असलेल्या भाषेपासून करावी.

'द.सा.द.शे.' म्हटले की पुष्कळांना धडकी भरते. तेच 'महिन्याला शेकडा एक' म्हणा. ज्या आजीबाईंना अक्षरओळख नाही त्यांनाही ते तत्काळ कळते. तिथूनच पुढे चला.

समजा, एका बाईने १२,००० रुपये कर्ज घेतले. दर महिन्याला शेकडा एक. दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडायचे, म्हणजे वर्षात कर्ज फिटले. आता व्याज किती? कोणी म्हणेल, बारा हजारांचे महिन्याला १२०, बारा महिन्यांचे १,४४०. पण थांबा! पहिला हप्ता फेडल्यावर तिच्याकडे अकराच हजार उरले ना? मग दुसऱ्या महिन्याचे व्याज ११०, तिसऱ्याचे १००, असे उतरत उतरत शेवटच्या महिन्याचे १०. या साऱ्यांची बेरीज ७८०. बोलण्यात दर एकच. फरक मात्र ६६० रुपयांचा! पहिल्या रीतीत, परत केलेल्या पैशांवरही ती व्याज भरत राहते. म्हणून कर्ज घेताना 'दर किती?' एवढेच विचारून भागत नाही, 'व्याज कशावर?' हेही विचारावे लागते.

हे बारा ओळींचे कोष्टक आधी वहीत, शिकणाऱ्याच्याच हातून लिहून घ्या. नंतर विचारा, 'हजाराऐवजी पाचशेचा हप्ता केला तर?' आता चोवीस ओळी पुन्हा लिहिणे आले. इथे संगणकाची गरज आपोआप पटते. १९७८ साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना हीच अडचण दिसली. फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सारे पुसून पुन्हा लिहावे लागे. त्यातून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केले. ते १९७९ साली बाजारात आले. आजची स्प्रेडशीट त्याच वंशातली.

पहिली ओळ मथळ्यांची ठेवा. बी२ या घरात १२००० लिहा. सी२ मध्ये =बी२/१०० आणि बी३ मध्ये =बी२-१००० अशी सूत्रे द्या; अक्षरे मात्र इंग्रजीच टंकावी लागतात. दोन्ही सूत्रे खाली ओढली की कोष्टक तयार. पाचशेचा हप्ता हवा असेल तर सूत्रातला हजार बदलून ते चोवीस महिन्यांपर्यंत ओढा. व्याज १,५०० येईल. हप्ता निम्मा झाला, व्याज जवळजवळ दुप्पट!

पण यंत्रावर आंधळा विश्वास नको. घरात '५०० रुपये' असे अक्षरांसकट लिहिले, तर यंत्र त्याला आकडा न मानता मजकूर समजते आणि बेरजेतून मुकाट्याने वगळते. म्हणून जुन्या माणसांप्रमाणे ताळा करून पाहण्याची सवय लावा. हजाराच्या हप्त्याच्या कोष्टकात बी१४ या घरात शिल्लक शून्य आली पाहिजे. नाही आली, तर कुठेतरी चूक आहे.

शेवटी एक गोष्ट शिकवणाऱ्यासाठी. शिकणारी अडखळली की 'सरका, मी करून देतो' असे आपल्या तोंडी येते. ते आवरा. तिला वेळ लागू द्या, चुकू द्या, चूक तिलाच शोधू द्या. आपण गेल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत तिने 'व्याज कशावर धरले?' असे धिटाईने विचारले, तर समजावे, शिकवणे सार्थकी लागले.